झटपट निकालासाठी दम धरा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला तुम्ही उधारीवर सूत दिलंत. बिलं झाली, चेक आला, न वटता परतही आला. कुणीतरी कानात सांगितलं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली समरी सूट टाका; साक्षीपुराव्याची भानगड नाही, थेट हुकूमनामा. टाकलीत. प्रतिवादीनं बचावाची परवानगी मागितली आणि सोलापूरच्या कोर्टानं ती बिनशर्त देऊन टाकली. अभिनंदन! आता खरं काम सुरू.

1. आधी मनसोक्त चिडा. हजर व्हायला दहा दिवस, परवानगी मागायला आणखी दहा दिवस, असं कायद्यात लिहिलंय. या दोन दहांत तुमच्या दुकानातली किती कॅलेंडरं बदलली ते मोजू नका. रक्तदाबाच्या गोळ्यांचा खर्च दाव्यात मागता येत नाही.

2. हुकूम वाचू नका. वाचलात तर कळेल, ‘सूत हलकं होतं, टॉवेलनं रंग धरला नाही’ एवढ्यावर कोर्टाला तपासण्याजोगा मुद्दा दिसला. वरिष्ठांचा कलही तिकडेच. बचाव शक्य पण पटायला अवघड असेल, तर पैसे भरण्यासारख्या अटी घालून परवानगी देता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये हबटाऊन प्रकरणात सांगितलं. 2022 मध्ये बी. एल. कश्यप प्रकरणात तर परवानगी देणं हाच नियम, नाकारणं अपवाद, हेही स्पष्ट केलं. तुमचे वकील मात्र ‘केस एकदम स्ट्राँग आहे’ म्हणतील. त्यांचं मन मोडू नका.

3. अपील शोधा. अपील करता येणाऱ्या हुकुमांची यादी आदेश 43 मध्ये आहे. वरून खाली वाचा. मग खालून वर वाचा. तुमचा हुकूम त्यात नाही. हरकत नाही, कलम 115 चं रिव्हिजन आहे ना! 2002 पासून त्याला एक जादा अट आहे: हुकूम तुमच्या बाजूनं झाला असता तर दावा तिथंच निकाली निघाला असता का? तुम्ही टाळी द्याल, ‘निघालाच असता की!’ इतक्यात कुणीतरी आठवण करून देईल, की दोन व्यापाऱ्यांतला तीन लाखांचा किंवा त्याहून मोठा वाद 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यात बसतो. त्याचं कलम 8 म्हणतं, मधल्या हुकुमावर रिव्हिजन नाही. तक्रार असेल ती शेवटच्या हुकूमनाम्यावरच्या अपिलात करा. थोडक्यात, खटला पूर्ण चालवा आणि मग जाऊन सांगा, की हा खटला चालवायलाच नको होता.

4. रिट टाका. राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली. 226 नको, ते दार सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये राधेश्याम प्रकरणात दिवाणी कोर्टाच्या हुकुमांसाठी बंद केलंय. पूर्वी यासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्र काढून मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे आणि सोलापूर त्याच्या कक्षेत येतं. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत जा. तारीख पडली तरी तांबडा-पांढरा कुठं गेला नाही.

5. याचिका जाडजूड हवी. प्रत्येक बिल, प्रत्येक चलन, रंगाबद्दलचा प्रत्येक व्हॉट्सॲप मेसेज जोडा. या प्रकरणात वाद घालण्याजोगं काहीच नाही, हे पटवायला तुमच्या वकिलांना तासभर बोलू द्या. प्रतिपक्षाचे वकील नुसते उठतील आणि म्हणतील, ‘माय लॉर्ड, माझ्या मित्रांनी एक तास घेतला.’ आणि बसतील.

6. तोवर स्थगिती मागा. होय, स्वतःच्याच दाव्याला. लवकर निकाल हवा म्हणून तुम्हीच दावा थांबवा, असा अर्ज करताना चेहरा गंभीर ठेवायची सवय लागते. आरशासमोर सराव करा.

7. स्थगिती मिळाली नाही, तर सोलापुरात पुरावा सुरू होईल आणि तुमची उलटतपासणी नेमकी कोल्हापूरच्या तारखेलाच लागेल. दोन्हीकडे जाता येणार नाही. सोलापुरात मुनीमजींना साक्षीला पाठवा, बिलं त्यांनीच लिहिलीत. फक्त निघताना त्यांना एकदा विचारून घ्या, ती परत आलेली सात पोती त्यांनी कुठल्या वहीत चढवली होती.