बाणांचा फलक आणि पाण्याचा ताळेबंद

‘मनातल्या मर्यादा तोडा’ असं पडद्यावर झळकतं आणि त्याच पडद्यासमोर प्रत्येक खुर्चीपुढे प्लास्टिकची एकेक बाटली. शाश्वत व्यवस्थापनाच्या कार्यशाळा साधारण अशाच सुरू होतात. फलकावर गोल काढले, गोलांना बाण जोडले, की समग्र विचार झाला. जेवणाच्या सुट्टीत बाटल्या अर्ध्या भरलेल्या तशाच राहतात. त्यांच्याकडे जाणारा बाण कुणी काढत नाही.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडे पडदा नव्हता. १९८९-९०च्या सुमारास एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा ‘आपल्या नशिबी दुष्काळच’ ही गावाची पक्की समजूत. चर खणले, बंधारे बांधले, झाडं लावली. इतपत पुष्कळ गावं करतात. मग साठलेलं पाणी ऊस पिऊन टाकतो आणि दारात पुन्हा टँकर. हिवरे बाजारनं शेतीसाठी कूपनलिका खोदायला बंदी घातली, उसाला नकार दिला, मोकाट चराई आणि कुऱ्हाड आवरली. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, मगच रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी, तर पेराही कमी. एम.कॉम.चा इतका ओला उपयोग क्वचितच कुणी केला असेल!

म्हणजे शिबिरात मर्यादा तोडायला शिकवतात, आणि हे गाव त्या घालून घेऊन सावरलं.

पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. कार्यशाळेच्या पुढच्या तुकडीसाठी मात्र बाटल्यांचे खोके आधीच येऊन पडलेत.