गॅलरी बंद करण्याचे प्रकार

पुण्यात फ्लॅट घेतला की पहिल्या वर्षी हप्ते सुरू होतात आणि दुसऱ्या वर्षी गॅलरी बंद होते. आमची तेवढी उघडी राहिली, कारण मे महिन्यापासून तिथे अण्णांच्या फियाटच्या इंजिनाचा ब्लॉक ठाण मांडून बसला होता. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, जन्म कुर्ला. पण आजीला जसं कुणी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली नाही, तसं हिलाही घरात कुणी पद्मिनी म्हटलं नाही.

बोअर करून आलेला ब्लॉक माझ्या हवाली करताना मिस्त्री म्हणाले, “हौस आहे ना साहेब? मग आधी गॅलऱ्या साफ करा.” मी घरी येऊन केरसुणी शोधली.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. ब्लॉकच्या पोटातून एक लांबच लांब भोक जातं, ती ऑइल गॅलरी. पंपाने ढकललेलं तेल तिथून आडवाटांनी बेअरिंगांपर्यंत पोहोचतं. हे भोक पाडायला ड्रिलला बाहेरूनच आत शिरावं लागतं, म्हणून कारखान्यात आधी भोक पाडतात आणि मग टोकाला बूच बसवतात. आधी खणायचं, मग बुजवायचं. पुणेकराला हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

बुचं न काढता ब्लॉक धुतला, तर बोअरिंगचा बारीक कीस त्यांच्या आड दडून बसतो आणि इंजिन सुरू झालं की तेलाबरोबर थेट बेअरिंगच्या भेटीला जातो. म्हणून बुचं काढणं आलं. ती मात्र भाडेकरूसारखी हलायला तयार नव्हती. मिस्त्रींनी उपाय सांगितला होता: टॉर्चने तापवा आणि गरम असतानाच कडेला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत शिरतं. एका हातात ज्योत, दुसऱ्या हातात मेणबत्ती, समोर ब्लॉक, असा मी बसलेला पाहून बायको म्हणाली, “अहो, औक्षण आटोपलं की जेवायला या.” तेवढ्यात बूच कर्र करून फिरलं. एकूण सहा निघाली. ती वाटीत मोजून ठेवली, कारण मिस्त्रींचा दम होता: “एक जरी बसवायचं राहिलं, तरी तेल तिथून पळेल, दाब येणार नाही आणि नवं बेअरिंग जळेल.”

काही इंजिनांत ही बुचं ठोकून बसवतात आणि भोकाची कड पंचने दाबून त्यांना आत कोंडतात. आमच्या ब्लॉकला मात्र मागच्या कुणीतरी आटे पाडून ठेवले होते, तेव्हा नवी बुचंही आट्यांचीच आणणं भाग होतं. नाना पेठेतल्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “सत्तावीसचा आटा की अठ्ठावीसचा?”

“फरक काय?”

“एकाचा.”

मी सत्तावीसची सहा घेतली. घरी आल्यावर पहिलं बूच दोन आटे अगदी सज्जनासारखं गेलं. तिसऱ्या आट्याला त्याचा स्वभाव कळला. अमेरिकन मापात इंचाला 27 आटे, ब्रिटिश मापात 28, आणि आट्यांचे कोनही निराळे. पत्रिका एका गुणाने फिसकटली! दुकानात परत गेलो, तर दुकानदाराने बोटाने पाटी दाखवली: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ अठ्ठावीसची सहा नव्याने घेतली, पितळेची. पितळ तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं, म्हणजे इंजिन तापल्यावर पकड सुटायची भीती नाही.

प्लंबरची पांढरी टेप गुंडाळायला निघालो, तर मिस्त्री फोनवर ओरडले, “नळ बसवताय का? टेपचा एक धागा सुटला तरी तेलाची वाट अडेल!” मग सीलंट लावलं, तेही बाहेरच्या आट्यांनाच, बोटभर नव्हे, टिकलीएवढं.

बुचाचा आटा निमुळता असतो. जितकं फिरवाल तितकं ते पाचरीसारखं रुततं, आणि हावरटपणा केला तर बीड तडकतं. मला हे ठाऊक होतं. तरीही शेवटच्या बुचाला, आपल्या मराठी माणसाच्या समाधानासाठी, अजून अर्धा फेरा दिला.

संध्याकाळी मिस्त्री आले. पिचकारीत डिझेल भरून त्यांनी गॅलरीत दाबलं. एक सोडून सगळ्या भोकांतून धार आली. माझं बूच इतकं आत गेलं होतं की आडवाट त्याच्याच पाठीमागे झाकली गेली होती. ते काढून मिस्त्रींनी कानशीने त्याची आतली बाजू घासली, पुन्हा बसवलं, आणि धार थेट माझ्या शर्टावर आली.

“बंद करायचं ते टोक, साहेब. वाट नाही.”

आठवड्याभराने इंजिन गाडीत बसलं. स्टार्टर मारला. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा क्षणभर रेंगाळला आणि विझला. अण्णांनी नाक शिंकरण्याच्या निमित्ताने रुमाल काढला.

घरी आलो, तर बायको वाटी घेऊन दारात उभी. वाटीत बुचं! माझा दाब शून्यावर आला. थरथरत्या हाताने एक उचललं, खिशातली आट्यांची पट्टी लावली. सत्तावीस. सगळी सत्तावीस. अमेरिकेचे आभार कधी मानेन असं वाटलं नव्हतं.

“आता गॅलरी बंद करून घ्यायची ना?” तिने विचारलं.

“करू,” मी म्हटलं, “फक्त वाऱ्याची वाट सोडून.”