त्रेपन्नावा दरवाजा

बावन्न दरवाजांच्या या शहरात पायी चालणारा माणूस हा त्रेपन्नावा दरवाजा समजावा. जुन्या दरवाजांना वाहनं निदान वळसा तरी घालतात, याच्या अंगावर रिक्षा थेट येते, वर रिक्षावालाच विचारतो, "काका, दिसत नाही का?"

फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. गुलमंडीवर ती शोधायची, तर आधी हातगाडी, मग दुकानाची पाटी आणि पाटी वाचायला थांबलेली स्कूटर बाजूला करावी लागेल. जालना रोडवर मात्र जागेची चणचण नाही. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको. चौक तुंबला की वर पूल. रस्ता ओलांडणाऱ्याने काय करायचं? गाडी घ्यायची!

2022 मध्ये केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेतल्या 11 विजेत्या शहरांत आपलंही नाव होतं. बक्षीस आलं, 'पीपल'पर्यंत ते पोचायचंय.

साहेब, पुढचा पूल मंजूर करण्याआधी क्रांती चौकातून पैठण गेटपर्यंत एकदा पायी या. मे महिन्यात, दुपारी. आणि गाडी मागून येऊ देऊ नका.