गळतंय कोणाचं?

(रंगमंचावर एक खुर्ची, एक प्लॅस्टिकची बालदी. नट वर बघतो, तोंडानेच "टप्प" आवाज काढतो.)

हे नाना. जन्म गिरगावच्या चाळीत. आता मुक्काम लालबागच्या टॉवरमध्ये, मुलाने विकत घेतलेल्या फ्लॅटवर. पत्ता बदलला, बालदी तीच.

चाळीत छत गळलं की नाना मालकाकडे जायचे. (सोगा सावरत) "भाडं १९४० सालचं, आणि पत्रे आजच्या भावाचे?" मालक खोटं बोलत नव्हता. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठली होती. दुरुस्ती मात्र त्याच्याच गळ्यात. मग १९६९ चा कायदा आला, जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला, दुरुस्ती मंडळ आलं. मंडळ खर्च करणार ठरलेल्या मर्यादेपर्यंत, वरचे पैसे रहिवाशांनी घालायचे. चाळीची मीटिंग भरली. तळमजला म्हणाला, "छत आमचं कुठाय?" वरचा मजला म्हणाला, "पाया आमचा कुठाय?"

टॉवरला २०१६ चा रेरा कायदा आहे. कलम १४: ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाना खूश! बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात म्हणते, "काका, ताब्याला पाच वर्षं दोन महिने झाले."

"अहो, ओल चौथ्या वर्षीच आली! सूनबाईने फोन केला होता."

"लेखी आहे?"

(टप्प.)

मग सोसायटीचे सेक्रेटरी आदर्श उपविधी उघडतात. पावसाचं पाणी, बाहेरचा सामाईक पाइप: खर्च सोसायटीचा. फ्लॅटमधल्या संडासाची, सिंकची गळती: त्या सभासदाचा. झाला की न्याय! आपण कुठून आलो, तेवढं पाण्याने सांगायचं.

वरच्या काकू म्हणतात, "आमची बाथरूम ठणठणीत कोरडी. हात लावून बघा."

प्लंबर टाइलवर बोटाची गाठ वाजवतो, कान लावतो. "पोकळ आहे. फोडल्याशिवाय कळायचं नाही."

"आणि नवी कोण बसवणार?"

काकू नानांकडे बघतात, नाना सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी घड्याळाकडे. गळतीचा खर्च कोणाचा, हे उपविधींत आहे. गळती शोधण्याचा कोणाचा, ते पान काही सापडत नाही.

प्लंबर हातोडी पिशवीत टाकतो. "ठीक आहे, नंतर ठरवा. आत्ता नुसतं बघायचे पाचशे द्या."

(नट आळीपाळीने तिघांच्या जागी उभा राहतो. सेक्रेटरी खिसा चाचपतात, काकू गॅसवर दूध ठेवल्याचं आठवून पळतात, नाना ऐकू न आल्यासारखे कानामागे हात नेतात. पडदा.)