कानसेन

तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं वरठी ते भंडारा हा दहा-बारा किलोमीटरचा प्रवास आमच्या काकाजींना शेजारी बसवून केलेला नसणार.

काकाजी गाडीत गाणी लावू देत नाहीत. काच वर करायला लावतात, पंखा बंद करायला लावतात आणि डोळे मिटून मान जराशी डावीकडे कलती करतात. गाडी स्टेशनच्या चौकात येते न येते तोच शब्द उमटतो.

"बाबू, आवाज येऊन राह्यला."

कसला, असं विचारायचं नसतं. विचारलं की प्रवास संपला. काकाजी उतरतात, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसतात आणि चाकाकडे असं पाहतात, की गाडीच्या मालकाला आपण काहीतरी लपवलंय असं वाटू लागतं.

हे कान त्यांना रेल्वेनं दिले. नोकरी डब्यांच्या तपासणीची. गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकावर ठोका मारत जायचं. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. भंडारा हा पितळी भांड्यांचा मुलूख, तेव्हा वाजवून घेणं इथं कोणालाच नवं नाही. पण बाकीचे लोक घागर घेताना वाजवतात. काकाजी निवृत्त झाले, हातोडा जमा झाला, कान तेवढे परत घ्यायचे राहिले.

आमच्या स्टेशनाची एक गंमत सांगायला हवी. स्टेशन वरठीत, पाटीवर नाव भंडारा रोड. म्हणजे रेल्वेनं पाटीवरच सांगून ठेवलंय, की आमचं काम इथवर, पुढे रोड आहे, तुमचं तुम्ही बघा. त्या रोडवर आणि इकडे मोहाडी-तुमसरच्या अंगाला बघण्यासारखं पुष्कळ असतं, विशेषतः पावसाळ्यात. धानाच्या रोवणीचे दिवस आले की ट्रॅक्टर चिखलणीची लोखंडी चाकं तशीच चढवून डांबरावरून बांधीत जातात, डांबर उकरलं जातं. त्यात पाणी साचलं की बांधी कुठली आणि रस्ता कुठला, हे फक्त बगळ्यांना कळतं. काकाजींचा हंगाम तोच. रोवणीला मजूर मिळत नाहीत, काकाजींना मात्र गाड्या कमी पडत नाहीत.

त्यांनी लग्नंही सोडलेली नाहीत. एकदा मुलगी सासरी निघाली होती, आई-मावश्या गळ्यात पडून रडत होत्या, फुलांनी सजवलेली गाडी हलणार इतक्यात काकाजी "थांबा!" म्हणून पुढे झाले. म्हाताऱ्याला गहिवरून आलं असेल म्हणून लोक बाजूला सरले. काकाजींनी डिकीच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. गाडीनं एकदा वर येऊन गप्प बसायला हवं होतं. ती तीन-चारदा डोलली. झेंडूच्या माळा गळाल्या. "शॉकप गेला," काकाजी नवरदेवाला म्हणाले, "पोरीले हळू ने."

एवढं सगळं माहीत असून माझी गाडी गड्ड्यात गेली तेव्हा मी त्यांना कळू दिलं नाही. रात्रीची वेळ, पाण्यानं भरलेला गड्डा, पुढचं डावं चाक धाडकन आत. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग सोडलं की गाडी डावीकडे ओढायला लागली. मी गुपचूप एका अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. चाकांना चार आरसे लावले, पडद्यावर लाल-हिरवे आकडे नाचले, पोरानं खालून पाना फिरवला आणि कागद हातात दिला. टो हिरवा होता. कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, लाल होता. "तो या गाडीत ॲडजस्ट होत नाही," पोरगा म्हणाला. नापासाच्या रकान्याखाली 'विषय ऐच्छिक' असं लिहून मिळावं तसं मला हायसं वाटलं. पैसे दिले, निघालो. गाडी ओढतच होती.

चौकात काकाजी उभे होते. त्यांनी कागद पाहिला नाही. आधी चारी चाकांतली हवा सारखी करून आणायला लावली. "एका बाजूले हवा कमी असली तरी ओढते. रस्त्याले डावीकडं उतार असला तरी ओढते." मग शाळेच्या सपाट पटांगणावर गाडी सरळ सोडायला लावली. ओढली. मग ते वाकले आणि टायरची मागची कड ते पत्रा, हे अंतर बोटांनी मोजलं. उजवीकडे चार बोटं. डावीकडे तीन. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

"चाकच मागं सरकलं, बाबू. लोअर आर्म वाकला. त्यानं चाकाची खालची बाजू आत घेतली, म्हणून तो तुझा लाल आकडा. भिंत वाकडी अन् तू फोटो सरळ करून राह्यला!"

जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट आणि बेअरिंग ठीक. आडवं धरून हलवलं, टाय रॉडही ठीक. टायरच्या आतल्या बाजूनं हात फिरवला, फुगा नव्हता. असता तर टायरच फेकायला लावला असता. आधी आर्म बदल, मग अलाइनमेंट, असा हुकूम झाला. म्हणजे पहिल्या अलाइनमेंटचे पैसे गड्ड्यात. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मेकॅनिकनं आर्म काढून फरशीवर ठेवला तेव्हा तो स्पष्ट वाकलेला दिसला. काकाजींनी तो उचलून तोलला, वाजवला. गावातल्या सनफ्लॅगच्या कारखान्यातलं पोलाद मोटारींच्या भागांसाठी जातं, याचा वरठीतल्या म्हाताऱ्यांना घरच्या जावयासारखा अभिमान आहे. "वाकला," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे आपल्या गावचा नव्हे."

नवा आर्म बसला, अलाइनमेंट पुन्हा झाली, यावेळी सगळा कागद हिरवा. काकाजींना बसवून भंडाऱ्याहून निघालो. काच वर, पंखा बंद, डोळे मिटलेले. दोन किलोमीटर गेले, चार गेले. गाडी पाण्यासारखी चालत होती. मी हात सोडून दाखवला, सरळ. काकाजी काही बोलेनात. मान डावीकडे झाली, उजवीकडे झाली, एकदा तर खाली वाकून पायाशी कान नेला. वरठी जवळ आली तशी त्यांची चुळबुळ वाढली.

"काही ऐकू येते का, काकाजी?"

"नाही," ते पडेल आवाजात म्हणाले.

स्टेशनचा चौक आला. मी त्यांच्या गल्लीकडे वळणार, तोच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बाबू, जराशी मोहाडीकडं घे. तुझा तो गड्डा बुजवला का नाही, पाहून येऊ."