वाई : जाऊन यायचं की राहायचं?

पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर. हे अंतर घातकी आहे. महाबळेश्वरला निघालेला माणूस मुकाट्यानं बॅग भरतो, सासवडला निघालेला नुसती चप्पल घालतो. वाई बरोबर मधे येते, म्हणून आमच्या घरी दर हिवाळ्यात वाईवरून दोन पक्ष पडतात.

आमचे हे ‘जाऊन-येऊन’ पक्षाचे. “सहाला निघायचं, साडेआठला ढोल्या गणपती, अकराला मेणवली, जेवलं की गाडी वळवायची. चहाला घरी!” सकाळी सहाला आमच्या दारातून फक्त दूधवाला निघतो, हे त्यांना एवढ्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. सासूबाई मुक्कामाच्या बाजूच्या, पण अटींवर : उशी घरची, पांघरूण घरचं, गरम पाण्याची बाटली घरची. “मग घरीच झोप की,” हे म्हणतात, आणि विषय पुढच्या रविवारवर जातो.

मी मुक्कामवाली. एका दिवसात वाई ‘करणारे’ लोक मी पाहिले आहेत. रास्त्यांनी 1762 साली बांधलेल्या ढोल्या गणपतीपुढे ते हात जोडतात, पोटाचा फोटो काढतात आणि पार्किंगकडे पळतात. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर आला की पाणी दुभंगून जावं म्हणून. खरी करामत तिथंच आहे, पण तिकडं जायला वळसा पडतो. वाईशेजारच्या मेणवलीच्या घाटावरही तेच. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा तिथं टांगली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि ती वाजते महादेवाच्या दारात. यावर तासभर गप्पा व्हायला हव्यात. होते ती चर्चा एवढीच, की ‘स्वदेस’मध्ये शाहरुख नेमका कुठल्या पायरीवर बसला होता.

नाना फडणवीस साडेतीन शहाण्यांतले अर्धे. त्यांनी मेणवलीत ऐसपैस वाडा बांधला. आपण पूर्ण शहाणे, म्हणून दुपारीच परततो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईतच बसून मराठी विश्वकोश उभा केला, आणि आम्हाला अख्खं गाव जेवणाआधी संपवायचं असतं!

संध्याकाळी पाचगणीच्या गाड्या पसरणी घाट चढून जातात, तेव्हा कुठं गणपती घाटावर बूड टेकायला जागा मिळते. सकाळी आंघोळीला, धुण्याला गावकरी उतरतात, तेव्हा आपण जाऊन-येऊनवाले अजून खंबाटकीच्या रांगेत हॉर्न वाजवत असतो. “पण रात्री तिथं करायचं काय?” असं आमचे हे विचारतात. घरी रात्री काय करतात, तर टीव्हीपुढे घोरतात. ते वाईतही जमेल.

तेव्हा वाईला एक रात्र राहाच. शनिवार टाळा, खोली आधी सांगून ठेवा, आणि घरात कुणाचं मत विचारू नका.