वाक्यात उपयोग करा

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की सामान्य माणूस बेल दाबतो, वॉचमनला हाका मारतो, फार तर रामरक्षा म्हणतो. अण्णा वही काढतात.

"क्लॉस्ट्रोफोबिया. म्हणजे बंद जागेची भीती. वाक्यात उपयोग: द लेडी फ्रॉम थर्ड फ्लोअर इज सफरिंग फ्रॉम क्लॉस्ट्रोफोबिया."

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तोपर्यंत निवांत मोबाइलवर मालिका बघत होत्या. वाक्य ऐकलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

अण्णांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांना काका म्हणत असतील, नाहीतर जोशीबुवा नाहीतर मास्तर. पण रबरबँड लावलेली दोनशे पानी वही तीच. डावीकडे शब्द, मधे अर्थ, उजवीकडे वाक्य. घरात वीरकरांची डिक्शनरी, पाठीवर चिकटपट्टी लावलेलं रेन अँड मार्टिन, वडिलांच्या वेळची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि कपिल देवची जाहिरात बघून घेतलेलं रॅपिडेक्स. शब्द रोज एकच, पण जो पहिला भेटेल त्याच्यावर तो वापरायचा, असा नियम. त्यामुळे सकाळी दूध आणायला कोणी जायचं, यावरून आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगीत घरोघरी वाद होतात.

नुसता शब्द फेकून माणूस पुढे गेला असता तर आमची तक्रार नव्हती. पण शाळेतल्या प्रश्नपत्रिकेतला तो प्रश्न अण्णांच्या डोक्यातून पन्नास वर्षांत उतरलेला नाही. शब्दाचा अर्थ सांगितला की वाक्यात उपयोग व्हायलाच हवा, आणि वाक्यासाठी माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आपण. 'प्रोक्रॅस्टिनेट'च्या वाक्यात सोसायटीचे चेअरमन गेले, 'ग्लटन'च्या वाक्यात माझा मेव्हणा गेला, तोही जेवताना. 'अ‍ॅव्हरिस'च्या वाक्यात वाणी गेला आणि त्या महिन्यापासून त्याने अण्णांची उधारी बंद केली.

त्यात कोणीतरी त्यांना नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' भेट दिलं. हे १९४९ सालचं अमेरिकन पुस्तक आपल्याकडच्या फूटपाथवर अजून खपतं. त्यात सुरुवातीलाच माणसांच्या स्वभावांचे शब्द आहेत आणि त्यांच्या मागोमाग डॉक्टरांचे. हे पुस्तक घेणारे बहुतेक लोक तिथपर्यंतच पोचतात. अण्णाही तिथेच मुक्कामाला राहिले, आणि बिल्डिंगीतल्या प्रत्येकाला एक स्वभाव आणि एक डॉक्टर नेमून मिळाला. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. कांदेपोहे झाले, चहा आला, आणि मुलीच्या बाजूचे वडीलधारे म्हणून बसवलेले अण्णा मुलाच्या बापाकडे वळले. "मिसॉगमिस्ट. म्हणजे ज्याला लग्नाचा तिटकारा आहे असा माणूस. वाक्यात उपयोग: आय होप युवर सन इज नॉट अ मिसॉगमिस्ट." बापाला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला आणि तो काहीतरी रोग आहे असं त्याला वाटलं. ते लग्न जमलं नाही.

गंमत अशी की अण्णा इंग्रजी बोलत नाहीत. एकेक वाक्य टाकतात आणि पुन्हा मराठीवर येतात. फोर्टातल्या एका खासगी कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी आवक-जावक रजिस्टर सांभाळण्यात काढली. कंपनीचा सगळा व्यवहार इंग्रजीत. एकदा साहेबांपुढे त्यांनी धीर करून साधंसं इंग्रजी वाक्य बोलून पाहिलं. साहेब मराठीच होते. ते इंग्रजीत म्हणाले, "मराठीत बोला." हे अण्णांनी मला सांगितलं तेव्हा त्या दिवशीचा शब्द सांगायला ते विसरले होते.

मागच्या उन्हाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. सेक्रेटरींनी संबंधित कार्यालयात मराठीत अर्ज दिला. 'पाणी गढूळ येते, कृपया लक्ष द्यावे.' अर्जावर शिक्का बसला. दुसरा अर्ज दिला, त्यावरही बसला. मग अण्णांनी वही उघडली आणि एक पानभर इंग्रजी पत्र लिहिलं. त्यात 'डिप्लोरेबल' होतं, 'एग्रीजस निग्लिजन्स' होतं आणि कुठूनतरी आणलेलं 'पर्निशस' होतं. त्याच आठवड्यात एक इंजिनिअर दोन माणसं घेऊन हजर झाला.

"इथे कोणी वकील राहतात का?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"का हो?"

"साहेबांना पत्राचा अर्थ लागेना. ते म्हणाले, प्रकरण गंभीर दिसतंय, तुम्ही आधी जाऊन या."

पाइप बदलला. इंजिनिअरला 'पर्निशस' वाक्यात उपयोगासकट समजावून सांगितल्याशिवाय अण्णांनी गेटबाहेर सोडलं नाही. त्या दिवसापासून मात्र बिल्डिंगीतलं कोणी अण्णांना पाहून जिन्याने पळत नाही. निदान ज्याचा काही अर्ज अडकलाय, तो तर नाहीच.

आता अण्णांना एक विद्यार्थिनी मिळाली आहे, आमच्या वॉचमनची मुलगी. आठवीत, मराठी माध्यमात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे एबीसीडीसाठी अण्णांसारखं पाचवीपर्यंत थांबायची वेळ तिच्यावर आली नाही. तरी परीक्षेतल्या तक्रारपत्राला ती घाबरते. संध्याकाळी मीटरच्या खोलीबाहेर दोघांची शिकवणी चालते. परवा मी बिल भरून येत होतो, तर अण्णा तिला रंगात येऊन मायकेल वेस्टची गोष्ट सांगत होते. हा इंग्रज ढाक्याला शिक्षकांच्या कॉलेजात होता. बंगाली पोरांना इंग्रजी वाचताना काय जड जातं हे त्याने पाहिलं आणि १९३५ साली एक डिक्शनरी काढली. नोंदी सुमारे २४ हजार, पण त्यांचे अर्थ सांगायला वापरलेले शब्द फक्त १,४९०.

"म्हणजे बघ, एवढ्याशा शब्दांत सगळं सांगता येतं," अण्णा म्हणाले.

पोरीने पेन्सिल खाली ठेवली. "मग बाकीचे शब्द कशाला लागतात, आजोबा?"

मी जागीच थांबलो. अण्णांनी वहीचा रबरबँड काढला, परत लावला.

"सोपं लिहिलं की कोणी लक्ष देत नाही, बाळ. म्हणून."

तिने त्यावर फार विचार केला नाही.

"मी पाणी गढूळ आहे एवढंच लिहीन," ती म्हणाली, "आणि तिथे जाऊन मोठ्यांदा वाचून दाखवीन."